सागवानाच्या मुलखात भुशाचा पलंग

वाचकहो, घरात नवी वस्तू आली की चार दिवस कौतुक होते आणि पाचव्या दिवसापासून तक्रारी सुरू होतात. आमच्या घरी तक्रार कोणी केलीच नाही. जिच्यासाठी पलंग आणला ती आमची आई तिसऱ्याच रात्री गोधडी घेऊन खाली फरशीवर निजू लागली, आणि आम्ही उठायच्या आत पलंगावरची चादर सारखी करून वर बसू लागली. तीन आठवडे हा प्रकार चालला. एका रात्री पाणी प्यायला उठलो, अंधारात पाय तिच्या हातावर पडला, तेव्हा आम्हाला कळले.

गुडघे झिजलेली बाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे. जमिनीवर बसणे-उठणे बंद, असे डॉक्टरांनी बजावलेले. म्हणून तर आरमोरी तालुक्यातल्या गावाहून, वैनगंगा ओलांडून, तिला चंद्रपूरला आमच्याकडे आणली आणि चार फुटी पलंग घेतला. "काहून खाली निजतेस?" असे विचारले तर म्हणाली, "कुरकुरते रे बाबा तो. अंग वळवलं का हलते. मोडला तं हप्ते कोन भरन?"

हप्ते खरेच होते. पलंग आणि सोबत दोन दारांचे कपाट मिळून साडेसतरा हजार रुपये, दहा हप्त्यांत. आमची नोकरी कारकुनाची; एकदम एवढी रक्कम निघत नाही. माल घरी आला तो तीन चपट्या खोक्यांत. पलंग म्हणून नुसत्या फळ्या, पट्ट्या आणि स्क्रूंची एक पिशवी. दुकानाने पाठवलेला पोरगा विजेचे पेचकस घेऊन आला आणि पाऊण तासात पलंगही उभा केला, कपाटही उभे केले. त्याला त्या दिवशी आणखी चार घरे करायची होती. जाताना हातात काही लाकडी खुंट्या आणि एक बोल्ट उरला होता. "हे काय?" विचारले, तर म्हणाला, "एक्स्ट्रा देतात काका." आम्ही कारकून माणूस, फेकले नाही. पाकिटात घालून बिलाला टाचणीने लावून ठेवले. पुढे त्याच पाकिटाने आमचे डोळे उघडले.

आईचे दुसरेही एक कारण होते. ते तिने त्या रात्री सांगितले नाही, पुढे बोलता बोलता निघाले. ती जन्मली तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. सगळा चांदा जिल्हा. चांद्याचे चंद्रपूर १९६४ मध्ये झाले आणि गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तर त्या चांदा जिल्ह्यातल्या तिच्या गावात, तिच्या लहानपणी, घरात एकच बाज होती. आमचे आजोबा अंगणात बाज टाकून बसलेले असले आणि रस्त्याने मालगुजाराच्या वाड्यावरचा साधा माणूस जरी दिसला तरी ते उठून उभे राहत आणि बाज उचलून भिंतीला टेकवून ठेवत. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली. उठून उभे राहणे त्यानंतरही बरीच वर्षे चालले. आजही घरात नवखा माणूस आला की आई पलंगावरून उतरू पाहते. तो कुरकुरला की तिला वाटायचे, बसू नये तिथे आपण बसलो.

हे ऐकल्यावर आम्ही त्या पलंगाच्या मागेच लागलो.

पहिला उपाय जो सगळे करतात तोच केला. दुकानात गेलो. तिथे सांगण्यात आले की हमी मालाची आहे, फिटिंगची नाही. दुसरा उपायही सगळे करतात तोच. जो पाय उचललेला दिसला त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. डुगडुगणे थांबले. चार दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू झाले. तिथेही पुठ्ठा. असे करता करता तीन पायांखाली पुठ्ठे झाले आणि पलंग पहिल्यापेक्षा जास्त हलू लागला.

बी.कॉम.ला आम्हाला तेरीज शिकवली होती. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशोब बरोबर असतोच असे नाही. एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यातल्या उलट चुकीने झाकली जाते. बेरीज जुळते आणि वह्या मात्र खोट्याच राहतात. पुठ्ठ्याचे तेच. फरशी वाकडी असेल तर पुठ्ठा हा उपाय आहे. सांधा सैल असेल तर पुठ्ठ्याने तो नुसता झाकला जातो. आधी पाहावे की पलंग फरशीमुळे हलतो की सांध्यामुळे. दुसऱ्या जागी सरकवून पाहिला, तिथेही तसाच हलला, तर दोष पलंगातच. ही एवढी साधी परीक्षा आम्हाला तीन पुठ्ठ्यांनंतर सुचली.

मग सोबत आलेल्या एल आकाराच्या सहाकोनी किल्लीने, हार्डवेअरवाले तिला एलन की म्हणतात, सगळे बोल्ट जोर लावून आवळले. एक बोल्ट आवळता आवळता एकदम मोकळा झाला आणि गरागरा फिरू लागला. भोकातून पिवळा भुसा गळला. सहचारिणी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता कोणाला तरी बोलवा. नाहीतर आई खाली निजतात, तुम्हीही खालीच निजाल."

वस्तीत एक जुने वाढई आहेत. तरुणपणी त्यांनी सागवानाखेरीज दुसऱ्या लाकडाला हात लावला नाही; आता प्लायवूड आणि सनमायकाची कामे करतात. ते आले, पलंगाकडे पाहिले, आणि पलंगाला हातही न लावता विचारले, "बाबूजी, उरलेलं सामान कुठं आहे?" आम्ही पाकीट पुढे केले. त्यांनी खुंट्या मोजल्या. आठ होत्या.

"पोरानं खुंट्याच बसवल्या नाही जी. मंग तो हलन नाही तं काय करन?"

त्यांनी समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो. उशाचा फळा, पायथ्याचा फळा, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन लांब बाजू, असे पलंगाचे चार सांधे. सांध्यात बोल्टचे काम दोन फळ्यांना एकमेकांकडे ओढून धरण्याचे. वजन पेलायचे, जागेवरून सरकू द्यायचे नाही, हे काम खुंटीचे. खुंटी नसली की सगळा भार बोल्टवर येतो. बोल्ट लोखंडाचा, त्याला काही होत नाही. तो आपले भोक मात्र रोज थोडे थोडे रुंद करतो. कपाटात बोल्टऐवजी पांढऱ्या धातूची लहान गोल चकती असते, तिला खाच असते. ती पेचकसाने अर्धा फेरा फिरवली की आतल्या खिळ्याचे डोके पकडते. घाईत ती अर्धवट फिरवली तर वरून बसल्यासारखी दिसते, आत काही पकडलेले नसते. आमच्या कपाटात अशा तीन निघाल्या.

आणि फळी कसली, तर पार्टिकल बोर्ड. लाकडाचा किंवा उसाच्या चिपाडाचा चुरा रासायनिक डिंकात कालवून, गरम दाबयंत्रात दाबून केलेली लादी. वरून सागवानाच्या रेषांचा कागद. खऱ्या लाकडात लांब धागे असतात, ते स्क्रूला धरून ठेवतात. चुऱ्यात धागाच नाही. एकदा भोक फाटले की त्यात तोच स्क्रू पुन्हा धरत नाही, कितीही आवळा. उलट आवळण्याने जास्त फाटते. पाणी लागले की फुगते आणि वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर येत नाही. ज्या घरात पावसाळ्यात फरशीला ओल येते आणि रोज ओल्या फडक्याने पोछा मारतात, तिथे कपाटाचा खालचा काठ वर्षभरात भिजक्या पावासारखा होतो. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरले होते, ते अनेक वाचकांनी भोगले आहे. अशा पाण्यात सागवानी पेटी धुऊन वाळवता येते. भुशाचे कपाट फेकून द्यावे लागते.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्या जिल्ह्यात आलापल्लीचे जंगल होते आणि ज्याच्या बल्लारपूरच्या आगारात सागवानाच्या थप्प्या लागतात, त्या मुलखातले आम्ही. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान याच बल्लारपूरहून मिरवणुकीने गेले. आमच्या घरात त्या सागाचा रंग तेवढा आला, तोही कागदावर छापून. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला, ही मोठी गोष्ट. पण त्या कायद्यात गौण वनोपज म्हणून बांबू बसतो, सागवान बसत नाही. साग तोडायचा कोणी, विकायचा कोणी, हे गाव ठरवत नाही. असो. आमच्या पगारात सागवानी पलंग बसत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहेच.

आणि चपट्या खोक्यातल्या फर्निचरला आम्ही नावे ठेवतो असेही समजू नये. सुटे करून पाठवण्याची ही युक्ती जुनी आहे. थोनेट या कारखानदाराने १८५९ मध्ये वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. आगबोटीने कुठेही जात आणि तिथे कोणीही जोडी. पुढे स्वीडनमधल्या आयकिया कंपनीच्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या माणसाने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून चपट्या खोक्यांचा धंदा उभा राहिला. ते वर्ष सांगतात १९५६. आपल्याला ते वर्ष वेगळ्या कारणाने पाठ आहे. १६ ऑक्टोबरची चंद्रपूरची तारीख तर इथल्या प्रत्येक घराला. सुटे करून पाठवल्याने माल स्वस्त पडतो, गरिबाच्या अरुंद जिन्यातून वर चढतो, बदली झाली की पुन्हा सुटा होतो. (वारंवार सुटे करणे मात्र भुशाच्या फळीला मानवत नाही.) खोट मालात जेवढी, तेवढीच तो घाईत जोडून निघून जाण्यात.

आता दुरुस्ती. वाढईबुवांनी आधी पलंग पूर्ण सुटा केला. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने आकडा घातला, कोणता तुकडा कुठला हे ध्यानात राहावे म्हणून. फाटलेली भोके फुंकून साफ केली आणि ड्रिलने थोडी मोठी करून गोल केली. कंपनीच्या खुंट्या आता त्यात खडखडू लागल्या. मग ते घरी गेले आणि जुन्या दाराच्या चौकटीचा एक वीतभर तुकडा घेऊन आले. सागवान. त्यातून त्यांनी जाड खुंट्या तासल्या. साग तेलकट असतो, डिंक नीट धरत नाही, म्हणून खुंट्या पॉलिश पेपरने घासल्या, भोकात फेविकॉल भरून ठोकून बसवल्या, वर आलेला भाग पातळ करवतीने सपाट कापला, आणि आम्हाला सांगितले, "चोवीस घंटे हात लावू नका." आम्हाला घाई होती. त्यांना नव्हती. ज्याच्याकडे ड्रिल नाही त्याने बांबूच्या कामटीच्या बारीक काड्या डिंकात बुडवून भोक गच्च भरले तरी हलक्या जागी काम भागते, असेही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या सागाच्या खुंट्यांत नवी भोके पाडली. सगळे बोल्ट आधी नुसते दोन-दोन फेरे लावले. एकही आवळला नाही. मग त्यांनी टेप आमच्या हातात दिली. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घ्या बाबूजी." एक कर्ण भरला ९१ इंच, दुसरा ९२ आणि वर पाव. म्हणजे जो चौकोन आम्ही काटकोनी समजत होतो तो तिरपा होता. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोघांनी बाहेरून आत दाबले, दोन्ही मापे सारखी आली, आणि मग एक कोपरा, त्याच्या समोरचा कोपरा, असे आलटून पालटून बोल्ट आवळले. आम्ही सुरुवातीला जोर लावला तो या तिरपेपणालाच पक्के करत होतो.

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली जी कंपनीच्या कागदात नव्हती. जाड प्लायवूडचे चार त्रिकोणी तुकडे कापले आणि पलंगाच्या आतल्या चारही कोपऱ्यांत डिंक आणि आखूड स्क्रूंनी बसवले. आम्ही कारण विचारले. त्यांनी चार काड्या खिळ्यांनी जोडून चौकोन केला आणि ढकलला. तो लगेच कलंडला. पाचवी काडी कर्णावर लावली. मग तो हलेना. दुर्गापूरकडे जाताना विजेचे मनोरे दिसतात, त्यांत तिरप्या पट्ट्याच पट्ट्या का असतात हे आम्हाला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळले. टिनाच्या छपराची कैचीही तीच. चार पाय कितीही जाड असोत, तिरपा आधार नसेल तर चौकोन कलंडतोच.

कपाटाला तो आधार पाठीचा पातळ पत्रा देतो, हार्डबोर्डचा. लोक त्याला धूळ अडवण्यासाठी समजतात. आमच्या कपाटात तो पत्रा मोजून सात खिळ्यांवर लटकत होता. कपाट पालथे घालून, कर्ण सारखे करून, चार-चार बोटांवर खिळे मारले, तर दारे आपोआप सरळ लागू लागली. बिजागरी बिघडली म्हणून आम्ही जी कुरकुर करत होतो ती बिजागरीची नव्हतीच.

पण कपाटाचे खरे काम वेगळेच होते, आणि ते कोणीही टाळू नये अशी विनंती आहे. धाकट्या भावाचे चार वर्षांचे लेकरू आमच्याकडे आले असता, वरचा डबा काढायला म्हणून त्याने खालचे दोन्ही ड्रॉवर ओढले आणि पायरीसारखे त्यांवर चढले. कपाट पुढे झुकले. सहचारिणी तिथेच तांदूळ निवडत होत्या, त्यांनी हात लावला म्हणून निभावले. त्यानंतर आम्ही माहिती काढली. जून २०१६ मध्ये अमेरिकेत त्याच आयकिया कंपनीने ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलावली, कारण ती अंगावर पडून लहान मुले दगावली होती. कपाट हलके असते, ड्रॉवर भरलेले आणि उघडे असले की सगळा भार पुढे येतो. उपाय फार साधा. वरच्या बाजूला लोखंडाचा एल अँगल, भिंतीत भोक पाडून प्लग, दोन स्क्रू. वीस-तीस रुपयांचे काम आहे. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नाही म्हणतात. त्याला लेकराची गोष्ट सांगावी. आम्ही गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या चार मित्रांसोबत रविवारी दुपारी घरोघरी जाऊन असे अँगल ठोकले. अभ्यासिकेच्या टेबलांचेही कर्ण मोजले, एकही सारखा निघाला नाही.

त्या फिरण्यात एका घरी लग्न होऊन दोन वर्षे झालेली सून भेटली. माहेरच्यांनी हप्त्याने दिलेले कपाट डुगडुगत होते आणि सासू येता-जाता म्हणायची, "तुझ्या बापानं दिलं तसं." चकत्या अर्ध्या फेऱ्याने फिरवल्या, मागचा पत्रा ठोकला, वीस मिनिटांत कपाट ताठ झाले. सासूबाई पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला.

वाढईबुवांनी आमच्याकडून पलंग आणि कपाट दोन्हींचे मिळून सहाशे रुपये घेतले. खुंट्यांचे पैसे घेतले नाहीत. "सागवान विकत नाही जी आता," एवढेच म्हणाले. आम्ही एलन की दोरीने पलंगाच्या आतल्या बाजूला बांधून ठेवली आहे, कंपनीचा कागदही प्लास्टिकच्या पिशवीत तिथेच. पायांखाली रबरी टोप्या बसवल्या. पोछा मारताना सहचारिणी आता फडके पिळून घेतात.

जुनी बाजही काही आपोआप ताठ राहत नसे. दोरी सैल झाली की आजोबा पायथ्याशी बसून, पाय रोवून, एकेक पेड ओढत आणि बाज कसत. आईला ते आठवते. तिच्या लेखी किल्लीने बोल्ट आवळणे म्हणजे बाज कसणेच. ती तोच शब्द वापरते.

परवा पाऊस उघडला तसा आम्ही किल्ली सोडून पलंगाखाली शिरलो. आई वर बसून मेथी निवडत होती. दोन बोल्ट पाव-पाव फेरा सैल निघाले. वरून तिने विचारले, "उतरू का रे बाबा?"

"नको. बसून राहा. हलते का ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

ती जरा इकडे सरकली, जरा तिकडे सरकली. मग म्हणाली, "नाही हलत," आणि मेथीच्या काड्या आमच्या डोक्यावर टाकू लागली.